शेतकऱ्याला कर्ज देणाऱ्या संस्थेची करसवलत शेतकऱ्यापर्यंत पोहोचते का?

प्रश्न : बांधावरचा_मास्तर

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून गेली तीन वर्षे आमच्या गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीचा संचालक आहे. जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून पैसे उचलून सभासदांना पीक कर्ज वाटणे आणि हंगाम संपला की वसुली करून ते बँकेत भरणे हा सोसायटीचा मुख्य व्यवहार. त्याशिवाय खताचे दुकान, रेशन दुकान आणि भाड्याने दिलेले एक गोदाम आहे. जुन्या संचालकांच्या तोंडून 'सोसायटीला इन्कम टॅक्स लागत नाही' एवढेच ऐकत आलो होतो. त्यामुळे करनिर्धारण वर्ष २०२२-२३ साठी (म्हणजे २०२१-२२ च्या उत्पन्नासाठी) प्राप्तिकर कायद्यातील कलम ८० पी खालची, सहकारी संस्थांना मिळणारी संपूर्ण वजावट नाकारून कराची मागणी करणारे पत्र प्राप्तिकर खात्याच्या बेंगळुरू कार्यालयाकडून आले तेव्हा सभेत कोणालाच काही सुचेना. विवरणपत्र मुदतीत भरले नाही, एवढेच कारण त्यात दिले आहे, आणि ते खरेही आहे. त्या वर्षीचे लेखापरीक्षण नोव्हेंबरच्या अखेरीस पुरे झाले आणि विवरणपत्र डिसेंबरात गेले.

ही वजावट परत मिळण्याचा काही मार्ग आहे का, आणि आमच्या कोणकोणत्या उत्पन्नावर ती मुळात मिळते, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न सभेत एका तरुण सभासदाने विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. तो म्हणाला, "मास्तर, सरकार कर्ज देणाऱ्याचा कर माफ करते, ठीक आहे, पण त्यातले माझ्या वाट्याला काय आले ते माझ्या खातेउताऱ्यावर दाखवा." मी उतारा काढून पाहिला, त्यात खरोखरच काही दिसत नाही. जाणकारांनी समजावून सांगावे.

उत्तर : तेरीज

मास्तर, मी सनदी लेखापाल आहे आणि अशा सोसायट्यांची कामे बरीच वर्षे पाहत आलो आहे. 'सोसायटीला कर लागत नाही' हे वाक्य अर्धेच खरे आहे. सोसायटीला माफी नाही, वजावट आहे. आणि वजावट ही मागावी लागते, तीही मुदतीत. करनिर्धारण वर्ष २०१८-१९ पासून कलम ८० एसीने अशी अट घातली की विवरणपत्र ठरलेल्या तारखेच्या आत भरले नसेल तर ८० पी मिळणार नाही. पुढे २०२१ मध्ये कायद्यात बदल होऊन हे नाकारण्याचे काम अधिकाऱ्याच्या टेबलाऐवजी संगणकीय प्रक्रियेतच होऊ लागले. म्हणूनच आपल्याला कोणी काही विचारले नाही, थेट मागणीपत्रच आले.

मार्ग आहे. २६ जुलै २०२३ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक १३/२०२३ काढले. करनिर्धारण वर्ष २०१८-१९ ते २०२२-२३ या काळात राज्याच्या कायद्याखालील लेखापरीक्षण लांबल्यामुळे ज्या सहकारी संस्थांचे विवरणपत्र उशिरा गेले, त्यांचा विलंब माफ करण्याचा अधिकार त्याने मुख्य आयकर आयुक्तांना दिला. २०२३-२४ साठीही नंतर तसेच परिपत्रक निघाले. आपले वर्ष यात बसते. मात्र अर्ज किती जोरदार ठरेल हे लेखापरीक्षकाची नेमणूक कोणत्या तारखेला झाली, दप्तर त्याच्या हाती केव्हा गेले आणि अहवालावर सही केव्हा झाली, या तीन तारखांवर अवलंबून आहे. दप्तर गटसचिवाच्या (सोसायटीचे हिशेब सांभाळणाऱ्या सचिवाच्या) कपाटात पडून राहिले असेल तर 'आमच्या हातात नव्हते' असे म्हणणे अवघड जाईल. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणजे आपल्यासाठी ३१ मार्च २०२८ ही शेवटची तारीख. पण तोवर मागणीवर व्याज चढत राहील, तेव्हा वाट पाहू नये.

आता कशावर मिळते ते. सभासदांना कर्ज देऊन झालेला नफा पूर्ण वजा होतो. शेतीला लागणारी अवजारे, बियाणे, खते आदी वस्तू सभासदांना पुरवून झालेला नफाही पूर्ण वजा होतो. बिगरसभासदाला विकलेल्या गोणीवरचा होत नाही, म्हणून दुकानाची बिले दोन वेगळ्या पुस्तकांत असावीत. शेतमालाच्या साठवणुकीसाठी गोदाम भाड्याने दिले असेल तर ते भाडेही पूर्ण वजा होते. रेशन दुकानाचा नफा यांपैकी कशातच बसत नाही. त्यासाठी किरकोळ उत्पन्नाची ५०,००० रुपयांची एकत्रित मर्यादा आहे. जिल्हा बँकेतल्या ठेवींवरचे व्याज आणि तिच्या भागांवरचा लाभांश ८० पी(२)(डी) खाली वजा होतो. अधिकारी त्यावर अडून बसतात, कारण सहकारी बँकांची स्वतःची ८० पी गेली आहे. पण बँकेची सवलत जाणे वेगळे आणि बँकेत पैसे ठेवणाऱ्या सोसायटीची सवलत जाणे वेगळे, असे पुण्याच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने अनेक प्रकरणांत म्हटले आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव ठेवली असेल तर मात्र तिच्या व्याजावर ही वजावट धरू नका. तोटगार सोसायटीच्या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिल्लक पैशाच्या अशा गुंतवणुकीवरील व्याज कर्जव्यवहाराचा नफा नव्हे, असा निर्णय दिला आहे.

हे सर्व क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात क्रमांक बदलतात; जुन्या वर्षांचा पत्रव्यवहार मात्र जुन्याच कलमांनी करावा.

उत्तर : निवृत्त_शाखाधिकारी

तेरीज यांनी सोसायटीची बाजू सांगितली. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र सोसायटीच्या पलीकडे बँकांकडेही पाहावे लागेल, कारण ग्रामीण कर्जावरची मोठी सवलत तिथे आहे आणि तिची रचना फारशी कोणाला ठाऊक नसते.

माझी निम्मी नोकरी खेड्यातल्या शाखांत गेली. दर महिनाअखेरीस शाखेच्या एकूण येण्या कर्जाचा आकडा विभागीय कार्यालयाला कळवावा लागे. तो कशासाठी हे मला कित्येक वर्षे माहीत नव्हते. नंतर कळले की प्राप्तिकर नियमांप्रमाणे प्रत्येक ग्रामीण शाखेच्या बारा महिनाअखेरींची सरासरी काढतात, सर्व शाखांच्या सरासऱ्यांची बेरीज करतात आणि त्या बेरजेच्या १० टक्क्यांपर्यंतची रक्कम, अधिक बँकेच्या एकूण उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपर्यंतची रक्कम, बुडीत व संशयित कर्जाची तरतूद म्हणून उत्पन्नातून वजा करू देतात. कलम ३६(१) मधील उपखंड सात-अ तो हाच. कर्ज प्रत्यक्ष बुडालेले असण्याची गरज नाही. तरतूद पुस्तकात केलेली असली की पुरे. समजा, एखाद्या बँकेच्या ग्रामीण शाखांची सरासरी कर्जे ५०० कोटी आणि एकूण उत्पन्न १०० कोटी असेल, तर तिला ५८ कोटी ५० लाखांपर्यंतची तरतूद वजा मागता येते. १९७९ च्या वित्त कायद्याने ही सवलत आणली तेव्हा ग्रामीण कर्जाच्या दीड टक्का एवढीच मर्यादा होती. बँकांनी खेड्यात शाखा काढाव्यात, यासाठी ती पुढे वाढत गेली.

आता यातली मेख. 'ग्रामीण शाखा' कोणती, तर शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेत ज्या ठिकाणाची लोकसंख्या दहा हजारांहून अधिक नाही तिथली. अटीत कुठेही 'शेतकरी' हा शब्द नाही. त्या शाखेने ट्रॅक्टरच्या शोरूमला दिलेले कर्ज, सोनेतारण, नोकरदाराचे घरकर्ज, सगळे त्या सरासरीत येते; आणि तालुक्याच्या गावातील शाखेने कोरडवाहू शेतकऱ्याला दिलेले पीक कर्ज येत नाही. त्यात २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ च्या संदर्भदिनाने होणार असल्यामुळे आज २०११ चेच आकडे चालतात, आणि तेव्हा दहा हजारांच्या आत असलेली शहरालगतची कित्येक गावे आता उंच इमारतींनी भरलेली असली तरी कागदोपत्री ग्रामीणच आहेत. बँकेच्या दृष्टीने अशा गावची शाखा म्हणजे दुधात साखर. धंदा शहराचा, सवलत खेड्याची.

म्हणून त्या तरुण सभासदाला सांगा की आपल्या देशात ही सवलत कर्जाला जोडलेली नाही. ती शाखेला आणि संस्थेच्या प्रकाराला जोडलेली आहे. कर्जदार कोण, व्याज किती, याची चौकशी ती करतच नाही.

खातेउताऱ्यावर जे दिसते ते करातून आलेले नाही. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज ७ टक्क्यांनी आणि वेळेवर फेडले तर ४ टक्क्यांनी पडते, हे केंद्राच्या व्याज सवलतीमुळे. आपल्या राज्यात वेळेवर फेडणाऱ्याला ते बिनव्याजी पडते ते डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे. हा पैसा अर्थसंकल्पातून येतो, विधिमंडळात त्याच्यावर चर्चा होते, रक्कम उशिरा आली तर मोर्चे निघतात. करसवलतीचा पैसा मात्र कोणाच्या हातात पडत नाही. तो फक्त तिजोरीत येत नाही. त्यामुळे त्याचा हिशेब मागायलाही कोणी उभे राहत नाही.

उत्तर : कोरडवाहू

मी अडीच एकरांचा धनी आहे आणि आणखी चार एकर बटईने करतो. वरचे सगळे वाचले. माझ्या अडीच एकरांवर सोसायटी कर्ज देते. बटईच्या चार एकरांवर देत नाही, कारण सातबारा माझ्या नावावर नाही. मालक पुण्यात नोकरीला आहेत. त्यांना कर्ज मिळू शकते, पण पेरणी मी करतो. त्या चार एकरांसाठी मी ज्याच्याकडून पैसे घेतो त्याला ८० पी नाही, सात-अ नाही आणि त्याचा व्याजदर महिन्याचा असतो. नाबार्डचे संयुक्त देयता गट, म्हणजे एकमेकांची हमी घेऊन कर्ज उचलणारे छोटे गट, आहेत हे मला माहीत आहे. आमच्याकडे तसा गट करायला गेलो, तेव्हा बँकेत आधी मालकाची संमती आणा म्हणून सांगितले. लेखी दिले तर उद्या कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक ती देत नाही.

जाणकारांना माझी विनंती एवढीच आहे की करसवलत कोणाला मिळते याची चर्चा करताना, कर्जच कोणाला मिळत नाही तेही मांडावे.

उत्तर : आयोवाकर

मी मूळचा सांगलीकडचा, सध्या अमेरिकेतील आयोवा राज्यात एका शेतीपूरक कंपनीत हिशेबाचे काम करतो. इथे हाच वाद वेगळ्या बाजूने चालू आहे, म्हणून लिहितो.

४ जुलै २०२५ रोजी इथे जो मोठा करकायदा झाला त्यात अशी तरतूद आहे की बँक किंवा विमा कंपनीने शेती वा मत्स्यव्यवसायाच्या वापरातील जमीन-मालमत्ता तारण घेऊन दिलेल्या नव्या कर्जाच्या व्याजापैकी २५ टक्के व्याज तिच्या करपात्र उत्पन्नातून वगळले जाईल. मूळ विधेयकात संपूर्ण व्याज वगळायचे होते, शेवटी पावावर भागले. जुनेच कर्ज नव्या कागदावर आणले, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत नवं-जुनं केले, तर त्यावर सवलत नाही. बँकांचे म्हणणे असे की 'फार्म क्रेडिट' ही शेतकऱ्यांच्या मालकीची कर्जव्यवस्था जमीन-तारण कर्जावर आधीपासूनच करमुक्त असल्याने स्पर्धा विषम होती. इथे सवलत शाखेला नसून कर्जालाच जोडलेली आहे, हा निवृत्त शाखाधिकाऱ्यांनी सांगितलेल्या रचनेपेक्षा वेगळा प्रकार. तरीही व्याजदर कमी करण्याची सक्ती त्यात नाही. ज्या गावात दोन-तीन बँका एकमेकींशी झटत असतील तिथे दर उतरेल. जिथे एकच असेल तिथे तो तिच्या नफ्यात जिरेल.

याहून जुना आणि मला अधिक पटलेला प्रकार म्हणजे इथले 'ॲगी बाँड'. जवळ आधी फारशी जमीन नसलेल्या नवोदित शेतकऱ्याला जमीन किंवा यंत्रसामग्री घेण्यासाठी बँकेने, किंवा जमीन विकणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानेसुद्धा, राज्याच्या संस्थेमार्फत कर्ज दिले तर त्या व्याजावर केंद्राचा प्राप्तिकर लागत नाही, आणि म्हणून तो दर बाजारापेक्षा खाली ठेवता येतो. कर्जदार कोण आहे हे आधी तपासले जाते, मगच सवलत मिळते.

एक मूलभूत फरकही लक्षात घ्यावा. इथला शेतकरी शेतीच्या उत्पन्नावर कर भरतो आणि कर्जाचे व्याज खर्च म्हणून स्वतःच वजा करतो. भारतात शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे व्याजाच्या वजावटीचा शेतकऱ्याला उपयोगच नाही. करामार्फत काही द्यायचे झाले तर ते सावकाराच्या जागी बसलेल्या संस्थेलाच देता येते. ही रचना कोणाच्या लबाडीतून आलेली नसून त्या करमुक्तीचीच दुसरी बाजू आहे.

उत्तर : निवृत्त_शाखाधिकारी

आयोवाकर यांचा शेवटचा मुद्दा मान्य. मात्र भारतात कर्जदार पाहूनच द्यायचे असे बंधन मुळीच नाही असे नव्हे. ते करकायद्यात नाही, रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम क्षेत्राच्या नियमांत आहे. बँकांनी समायोजित कर्जाच्या १८ टक्के शेतीला आणि त्यातही १० टक्के अल्प व अत्यल्पभूधारकांना द्यायचे आहे. कमी पडले तर तेवढी रक्कम नाबार्डकडील ग्रामीण पायाभूत विकास निधीसारख्या निधींत कमी व्याजाने ठेवावी लागते. २०२१-२२ पासून तर ज्या जिल्ह्यांत दरडोई अग्रक्रम कर्ज फार कमी आहे तिथल्या वाढीव कर्जाला १२५ टक्के आणि जिथे भरपूर आहे तिथल्या वाढीव कर्जाला ९० टक्के भारांक दिला जातो, म्हणजे उद्दिष्ट मोजताना शंभर रुपयांचे कर्ज १२५ किंवा ९० रुपये धरले जाते. सात-अ मध्ये दहा हजार लोकसंख्येच्या जागी असा भारांक आणला असता, तर शहरालगतच्या 'ग्रामीण' शाखांचा प्रश्न एका फटक्यात सुटला असता, असे माझे मत आहे.

कोरडवाहू यांचे खरे आहे. अल्पभूधारकांचा हा १० टक्क्यांचा हिशेब बटईदारालाही धरतो. पण बटईचा कागदच नसेल तर तो मोजायचा कसा, हे शाखेत बसलेल्याला कोणी सांगत नाही.

उत्तर : बांधावरचा_मास्तर

सर्वांचे आभार. तेरीज यांना दोन शंका विचारतो. आमच्या सोसायटीत अनिष्ट तफावत आहे, म्हणजे सभासदांकडून येणे रकमेपेक्षा बँकेचे देणे जास्त आहे. अशा संस्थेला ८० पीचा उपयोग किती? आणि आमचे बरेच कर्जदार नाममात्र सभासद आहेत. त्यावरून उद्या आणखी काही निघेल का?

उत्तर : तेरीज

नाममात्र सभासदांची काळजी नको. मविलायी सोसायटीच्या प्रकरणात १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की राज्याचा सहकार कायदा ज्याला सभासद म्हणतो तो ८० पीसाठीही सभासद, आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा नाममात्र सभासदाला सभासदाच्या व्याख्येत घेतो. बिगरसभासदाला कर्ज दिले तरी संपूर्ण वजावट जात नाही, त्या भागापुरतीच जाते. गंमत अशी की केरळमधील त्या प्रकरणात शेतीकर्जाचे प्रमाण नगण्य आहे, हाच अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. न्यायालयाने वजावट मान्य केली, कारण कायद्याने वगळलेली आहे ती रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी सहकारी बँक. पतपुरवठा करणारी संस्था नव्हे. निवृत्त शाखाधिकारी म्हणतात त्याचाच हा दुसरा पुरावा: संस्थेचा प्रकार पाहिला जातो, कर्जाचे कारण नाही. माझ्या व्यवसायाला हा निर्णय सोयीचा आहे, पण त्या तरुण सभासदाला तो आवडणार नाही.

अनिष्ट तफावतीचे विचाराल तर वजावट नफ्यावर मिळते. नफाच नसेल तर वजा कशातून करणार? त्यामुळे सधन, वसुली चांगली असलेल्या बागायती पट्ट्यातल्या सोसायटीला ही सवलत भरभरून मिळते आणि जिथे दोन वर्षे पाऊस नाही तिथल्या सोसायटीला काहीच मिळत नाही. सवलतीच्या रचनेतील हा दोष मला सर्वांत मोठा वाटतो, दहा हजार लोकसंख्येच्या अटीहूनही.

आपल्या सोसायटीला किरकोळ का होईना नफा आहे, म्हणूनच मागणी आली आहे. वाचलेला कर कुठे जातो ते सभासदांना दाखवता येईल. सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. उरलेल्यातून वेळेवर फेडणाऱ्यांसाठी काही तरतूद करायची असेल तर उपविधी पाहून तसा ठराव करावा. वार्षिक अहवालात '८० पीमुळे वाचलेला कर' अशी एक ओळ घाला आणि तिच्यासमोर ती रक्कम राखीव निधीत किती गेली, तफावत भरून काढायला किती लागली आणि लाभांशात किती वाटली, ते लिहा. खातेउताऱ्यावर नाही तरी अहवालात त्या मुलाला आकडा दिसेल.

लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत पुरे व्हायला हवे आणि आपल्या विवरणपत्राची नेहमीची मुदत ३१ ऑक्टोबर असते. येत्या वार्षिक सभेत लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा ठराव विषयपत्रिकेत सर्वांत वर घ्या. त्याची संमती मिळाल्याची तारीख, दप्तर त्याच्याकडे दिल्याची पोच आणि अहवाल मिळाल्याची तारीख या तिन्ही गोष्टी इतिवृत्तात नोंदवून ठेवा. विलंबमाफीच्या अर्जाला २०२२ च्या अशाच नोंदी जोडायच्या आहेत. गटसचिवाकडून त्या या आठवड्यातच मागवून घ्या.